लाभ

पेव उघडलं की आधी कंदील सोडायचा आत.
तो विझला नाही, तरच माणूस.
हरिपुरात महापुरानं पेवं बुजली तोवर
मी अशीच हळद काढली.
म्हणून मिरजेच्या त्या मशीनखाली उताणा पडलो
तेव्हा हसू आलं,
आता माझ्यातच सोडलाय कुणीतरी कंदील.

रिपोर्ट चांगला आला.
म्हणजे आकडा चांगला आला.
डॉक्टर म्हणाले, घनता वयाच्या मानानं ठीक आहे,
पण अण्णा, वीस वर्षांची साखर.
ती हाडाचा चिवटपणा खाते आतून,
आकड्यात ते धड दिसत नाही.

कळलं म्हणालो.
यार्डात जन्म गेला, न कळायला काय झालं?
पोतं टम्म, शिलाई पक्की, काट्यावर बरोबर,
तरी व्यापारी एक हळकुंड उचलून
कानाजवळ मोडायचा.
टण्ण वाजलं तर माल.
नुसतं मोडलं
तर रुमालाखालचा त्याचा हात सैल पडायचा.

माझं मनगट नुसतं मोडलं होतं.
मोरीत. पहाटे.
गोळी पोटात, पोट रिकामं,
डोळ्यांपुढं काजवे, आणि फरशीला टेकलेला हात.
शंभर किलो घेऊन फळीवरून ट्रकात चढलेली ही पाठ
तांब्याभर पाण्यात आडवी.
हिला सांगितलं, पाय घसरला.
हिनं तांब्या उचलून जागेवर ठेवला,
बोलली नाही.

इस्माईल मुजावरची तस्लीम विश्रामबागेत व्यायाम शिकवते.
पहिला मजला.
लिफ्टनं आलात तर परत पाठवीन, म्हणते.
इस्माईल आणि मी एका पोत्याचे दोन कान,
ही तेव्हा डबा घेऊन यायची,
शाळेचे मोजे घोट्यापर्यंत पिवळे.
इस्माईलचा खुबा मोडला, मग अंथरूण,
मग दीड महिना.
ते ती बोलत नाही. मीही नाही.

तिनं हातात दोन किलो दिले.
दोन किलो!
एवढी तर संध्याकाळी आमच्या कपड्यांतून झडायची.
इकडंतिकडं पाहिलं, कुणी ओळखीचं नको.
शेजारी बिरनाळे बाई, निवृत्त मुख्याध्यापिका,
हात न टेकता खुर्चीतून उठायला बघत होत्या
आणि खुर्ची सोडत नव्हती.

"श्वास रोखू नका काका. उचलताना सोडायचा."
सोडायचा?
चाळीस वर्षं तो रोखूनच तर उचललं,
पोत्याखाली कोण श्वास घेतो?
शिकायला तीन आठवडे लागले.

आता जाण्याआधी बोट टोचून बघतो.
कमी असेल तर मूठभर फुटाणे, अर्धं केळं,
आणि बूट झटकून घालायचे,
कारण तळव्याला खडा टोचला
तरी तो मला सांगत नाही.
दोनाचे चार झाले. चाराचे सहा.
बाई खुर्चीला विसरून उठतात
आणि उठल्यावर उगाच पदर सारखा करतात.

काल पाणी प्यायला गेलो
तर ही ओट्याला धरून टाचा उचलत होती,
ओठांत आकडे.
मी खोकलो नाही. तहान तशीच घेऊन मागं फिरलो.

तस्लीम मोजायला लागते, "एक."
थांब, म्हणालो.
तुझ्या बापानं कधी एक म्हटलं नाही.
मापाची सुरुवात लाभानं.
ती जरा खिडकीकडं बघते,
बाहेर उसाचा ट्रॅक्टर, तोडक्या आवाजात गाणं.
मग म्हणते,
"लाभ."
उचलतो. श्वास सोडतो.
"दोन."

अकराव्याला हात थरथरतो.
बस्स?
"अजून एक आहे अंगात," ती म्हणते.
काटा तिच्याकडं आहे.
मी उचलतो.