अर्धी हजामत

टुंडुमाच्या नाक्याअलीकडे रस्ता संपत नाही,
नुसता थांबतो.
दोन किलोमीटर, चार, कधी नऊ,
ट्रकामागे ट्रक, शेपटीला नाक लावून.
तिथे माझं दुकान: पत्र्याची खुर्ची, तडकलेला आरसा
आणि क्लिपरची वायर,
जी मी गिऱ्हाइकाच्याच बॅटरीला जोडतो.
वीज त्याची, डोकं त्याचं, माझा फक्त हात.

बिनपाण्याची हजामत कस्टमवाले करतात.
माझ्याकडे पाणी असतं. जूनच्या थंडीत कोमटसुद्धा.

केसांवरून कळतं कोण किती दिवस अडकलाय.
दार-एस-सलामहून निघताना कानापाशी कोरून घेतलेली रेघ
तिसऱ्या दिवशी पुसट होते,
सहाव्या दिवशी माणूसच पुसट होतो.
मग येऊन बसतो, कापायचं असो नसो.

लोक म्हणतात, हे नुसते झोपतात.
झोपतात की.
ट्रेलरखाली, चटईवर, सावली सरकेल तसे सरकत.
पण माणूस झोपून झोपून किती झोपेल?
हमादी बाटल्यांच्या बुचांनी सोंगट्या खेळतो,
हरला की बुचं मोजतो, जणू कुणी चोरलीत.
एक मिठाची गाडीवाला रोज गाडी धुतो,
वाऱ्याला शिव्या देत, पुन्हा धुतो.
आरशांवर बनियनं वाळतात.
म्वाइपोपोची मुलगी संध्याकाळी म्बेयाहून फोन करते,
गणितं सांगते,
तो टँकरवरच्या धुळीत बोटाने भागाकार करतो.
एकदा बाकी चुकली त्याची.
सकाळी बघतो तर धुळीतच कुणीतरी दुरुस्त केलेली.
कुणी, ते रांगेत कोणीच कबूल केलं नाही.

ल्वितिको मात्र काहीच करायचा नाही.
बंद गाडीत, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून
समोरच्या गंधकाच्या पोत्यांकडे बघत बसायचा.
सातव्या दिवशी उतरला, म्हणाला, फुंडी, सगळे काढ.

उजवी बाजू झाली होती.
पुढून हॉर्न आला, मग त्याच्या मागून, मग सगळीकडून.
रांग हलली!
इथे हलला नाहीत तर मागचा घुसतो,
आणि घुसला की तीन दिवस गेले.
तो टॉवेलसकट धावला.
मी ओरडतोय, वायर, अरे वायर!
क्लिपर माझ्या हातातून निसटला आणि गाडीच्या पोटाखाली
उड्या मारत, गुरगुरत
झांबियात गेला.

एकोणीस दिवस मी कात्रीवर काढले.
हमादी म्हणायचा, त्याला अर्धं डोकं पुरतं, तुला अर्धं दुकान.

परत आला तेव्हा ताडपत्रीखाली तांबं होतं,
डोक्यावर टोपी, ओठावर नवी मिशी.
खिशातून मोजा काढला, मोज्यातून क्लिपर.
तेल घातलंय, म्हणाला.
मी पात्याला उजेड दाखवला.
दात्यांत केस: काही पांढरे, काही तांबूस, एक कुरळा फारच बारीक,
पोराचा असावा.
कासुम्बालेसाला पाच दिवस अडकलो होतो, तो म्हणाला.
पहिल्या दिवशी एकाने विचारलं, येतं का रे तुला?
येतं, म्हटलं.
किती जणांची केलीस?
अकरा. एकाचा कान थोडा.

मी त्याची टोपी काढली.
उजवीकडे बोटाच्या पेराएवढं गवत,
डावीकडे जुनं रान तसंच.
आणि तुझं? त्या अकरांतल्या एकालाही जमलं नाही?
तो आरशाच्या तडकलेल्या भागात बघत राहिला.
बसलो होतो एकापुढे, म्हणाला.
त्याला हसूच आवरेना. मग मलाही.

त्याची बॅटरी उतरलेली. हमादीच्या गाडीला वायर लावली.
मी पात्यावर फुंकर घातली,
ते बाराजणांचे केस, ज्यांतले अकरा मला कधी भेटणार नाहीत,
रस्त्यावर उडाले.
पैसे अर्धेच घेतले.
डावीकडून सुरुवात केली, या वेळी.
लांब कुठेतरी हॉर्न वाजला
आणि दोघांनीही आधी वायर धरली.