खांदेपालट

एक्स-रेत पुरतं दिसलं नाही
म्हणून त्याला नळीत सरकवलं.
"हलू नका, मिस्टर होलेचेक. वीस मिनिटं."

चौतीस वर्षांत
असं कुणी सांगितलं नव्हतं एमरिकला.
उलट, हल, सरक, पाय चालते ठेव,
डावीकडून येतोय, सोड चेंडू, सोड.

नळी ठकठकते. तो आकडे म्हणत राहतो,
एकोणीस निळा. एकोणीस निळा.
आणि 'हट्' म्हणायच्या जागी गप्प होतो,
कारण समोर लोतू वाकलेला नाही,
तो अवाढव्य, घामट, विश्वासाचा लोतू,
पायांमधून चेंडू मागे देणारा.
नाकापासून वीतभर अंतरावर
नुसतं प्लॅस्टिक.

डॉक्टर अपेलबाउम पडद्यावर पेन टेकवतात.
ही वाटी. हा गोळा.
ही वाटीची कड, नळाच्या वॉशरसारखी समजा,
इथून सुटली आहे, पार इथपर्यंत.
शिवता येईल.
"आणि फेकता?"

डॉक्टर पेनाला टोपण लावतात.
समोरचा कुठं धावणार हे
त्याच्या कमरेच्या कलावरून ओळखायचं,
यावरच पोट भरलं एमरिकनं.
त्याला उत्तर कळलं होतं
टोपण खट् वाजायच्या आत.
"दाढी करता येईल," डॉक्टर म्हणतात.
"मुलीला कडेवर घेता येईल."
मुलगी नऊ वर्षांची आहे.

यंग्जटाउनच्या घरात
धान्याच्या लाह्यांचा खोका वरच्या फळीवर.
विनी स्टुलावर चढते, खोका काढते,
आधी त्याच्या वाडग्यात ओतते, मग स्वतःच्या.
चमचा डाव्या हातात. दूध टेबलावर.
कुणीच काही बोलत नाही दुधाबद्दल.

वडील गेले तेव्हा नोव्हेंबर होता.
त्या गावात पेटी खांद्यावर घेत नाहीत,
दोन्ही बाजूंनी पितळी कड्या धरून चालतात.
आदल्या रात्री कोचचा फोन आला होता,
दुःख व्यक्त करून झाल्यावर, हळूच,
उजव्यानं काही उचलू नकोस हं. रविवार आहे.
मग काकाला पलीकडं पाठवून
तो बापाच्या दुसऱ्या बाजूला गेला,
डाव्या हातानं कडी धरली.
उजवा हात कोटाच्या खिशात,
मऊ, ऊबदार, विमा उतरवलेला.

भट्टीवर एकतीस वर्षं काढलेला बाप.
शर्ट घालताना त्याचा खांदा कटकन वाजायचा
आणि पोरं हसायची,
म्हणायची, पपांच्या आत कुणीतरी दार लावतंय.

रात्री जेरिकोचा फोन येतो.
बावीस वर्षांचा. आवाजात अजून कॉलेजचं वसतिगृह.
सर, चेंडू ओला असेल तर बोटं कुठं?
एमरिक बटाट्यांच्या टोपलीतून एक उचलतो,
लांबट बघून.
फोन कानाशी दाबून धरतो मान वाकडी करून,
डाव्या हातात बटाटा फिरवतो.
अनामिका शिवणीवर. करंगळी तिच्या पाठीमागे.
तळवा टेकवायचा नाही, मधून उजेड दिसला पाहिजे.
दिसतोय, सर.
दबाव अंगठ्यानं नको. अंगठा फक्त सोबतीला.
हो, सर.
थोडा वेळ दोघंही फोनवर तसेच.
मग जेरिको म्हणतो, मला नको होतं असं.
एमरिक म्हणतो, ठाऊक आहे,
आणि बटाटा परत ठेवतो,
मोड आलेला भाग खाली करून.

रविवार.
टीव्हीचा आवाज बंद, कारण समालोचक
त्याच्याबद्दल 'होता' म्हणू लागलेत.
तिसरा प्रयत्न, अकरा यार्ड बाकी, पाऊस तिरका.
जेरिको मागे सरकतो, तीन पावलं, पाच,
उजवीकडं कुणी नाही, मधे गर्दी,
थांब, थांब, तो धावतोय कडेनं, आता

आणि झोळीत बांधलेला खांदा
आपण होऊन फेकतो.

कळ दातांपर्यंत येते.
सोफ्याची कड मुठीत धरून तो डोळे मिटतो.
"दुखलं का?" विनी विचारते.

"तू इकडं नको बघूस," तो म्हणतो,
"झेलला का ते बघ."