साठ मिनिटांची कॅसेट

शरयू दाभाडकर गेल्या.
पडद्याच्या खालच्या पट्टीतून सरकत गेल्या,
कांद्याच्या भावामागून.
‘जुन्या काळातील वृत्तनिवेदिका’ एवढंच,
मग पुन्हा कांदा.
मी चष्मा शोधेपर्यंत
त्या परत एकदा गेल्या.

आसरूबा डवरी पट्टीत आला नाही.
त्याचा नातू मोबाईलची काच बदलायला आला वालूरहून,
म्हणाला, आज्याला जाऊन दहा दिवस झाले.
काचेचे साडेतीनशे सांगणार होतो,
ते तोंडातच राहिलं.

बाई, तुम्हाला काय ठाऊक,
सेलूत, स्टेशन रोडला, पिठाच्या गिरणीशेजारी
तुमच्या चेहऱ्यावर मी हा धंदा शिकलो.
चित्र वर पळायचं,
तुमची टिकली कपाळावरून निसटून
हनुवटीखालून पुन्हा उगवायची.
मी डब्याच्या मागची बारीक खुंटी फिरवायचो,
केसाएवढी,
आणि तुम्ही थांबायच्या.
नमस्कार, म्हणायच्या.
गिऱ्हाईक हात जोडायचं. खरंच जोडायचं.
एका म्हातारीनं पदर सावरून विचारलं होतं,
जेवलात का बाई?
तुम्ही म्हणालात, आता हवामान.

पत्र्यावर बाळू अँटेना धरून उभा.
आलं का?
मुंग्या!
आता?
अर्ध्या मुंग्या, अर्ध्या बाई!

आसरूबा यायचा बाजाराच्या दिवशी,
झोळीत जोंधळा, खांद्याला किंगरी,
गजाला बांधलेली घुंगरं त्याच्याआधी दुकानात शिरायची.
एकदा म्हणाला, मास्तर,
मपला आवाज डबीत भरून दे.
मी मास्तर नव्हतो. तो ज्याच्या हातात स्क्रू ड्रायव्हर
त्याला मास्तर म्हणायचा.
साठ मिनिटांची कॅसेट घातली,
त्याच्यावर आधी लग्नाची वरात होती, ती पुसली.
तो वाजवत गेला.
राजा वनात निघालेला, राणी उंबऱ्यात,
आणि मी विसरलोच
की बाकावर गिऱ्हाइकाचा टीव्ही चालू ठेवलाय.

सात वाजले.
नमस्कार.

दुसऱ्या बाजाराला ऐकायला बसला तर दचकला,
ही बाई कोण मधीच बोलायली?
मी ओशाळलो. म्हणालो, पुसतो, नव्यानं भरू.
त्यानं पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा.
मग किंगरीची खुंटी पिळत म्हणाला,
राहू दे. सुरात बोलायली.
आणि तार त्यानं तुमच्या नमस्काराला लावली.
त्यानंतर मी जेव्हा जेव्हा ऐकली त्याची किंगरी,
तिथंच लागलेली होती.
हे मला तुम्हाला कळवायचं होतं.
पत्र लिहिलं होतं एक. पाकिटावर नुसतं नाव,
आणि खाली मुंबई.

कॅसेट सापडली काल, कपॅसिटरच्या डब्यात.
पांढरी बुरशी. पेन्सिलनं गुंडाळली,
हेड स्पिरिटनं पुसलं,
रबरी पट्टा ताणला होता म्हणून आसरूबा
जरा जड आवाजात आला,
जसा शेवटी शेवटी बोलत असेल.
मागं गिरणी चाललेली.
ती गिरणीही आता नाही, तिथं झेरॉक्स आहे.
मी ऐकू आलो एकदा, खोकताना,
पंचवीस वर्षांचा खोकला.

पोरगं काउंटरला टेकून उभं होतं,
नवी काच अंगठ्यानं चोळत.
राणी उंबऱ्यातच होती
तेवढ्यात ते म्हणालं,
काका, मधीच ही बाई कोण बोलायली?

काय सांगावं.
तुपल्या आज्याच्या ओळखीची, म्हणालो.
त्यानं मान हलवली, जणू शक्यच आहे,
आज्याची ओळख कुठवर होती कोणाला माहीत,
आणि फोन टेपजवळ धरून
स्वतःच भरून घ्यायला लागलं.

आम्ही दोघं गप्प.
तरी बाहेर एक टमटम हॉर्न देत गेली,
ती आता त्यात राहील.
बाई म्हणाल्या, मराठवाड्यात हवामान कोरडे राहील.
गजाची घुंगरं हलली जराशी,
त्यानं बहुतेक हात बदलला,
आणि राजा पुढं निघाला.