नव्या कर्मचाऱ्यांसाठी शब्दसूची

हडर्सफील्डला नळ बनवणाऱ्या कारखान्यात
दुसऱ्या मजल्यावर माझं टेबल.
साहेबीण म्हणाली, नव्या पोरांना आपली भाषा कळत नाही,
दोन पानं लिहून दे, सोपी.
आपली म्हणजे तिची यॉर्कशरी नव्हे,
माझी मराठी तर नव्हेच.
तिसरीच.

हेडकाउंटपासून सुरुवात केली.
आमच्याकडे शिरगणती म्हणतात.
शिरं मोजायची, आत काय चाललंय ते नाही.
एकूण दोनशे बारा.
पॅकिंगमधली मिरेला तीनच दिवस येते,
म्हणून ती शून्य पूर्णांक सहा.
हसते मात्र अख्खी.

प्रोबेशन, सहा महिने.
नव्या सुनेला याची व्याख्या लागत नाही.
फरक इतकाच,
की इथे ते संपल्याचं पत्र येतं.

नॅचरल वेस्टेज:
माणसं निवृत्त होतात, सोडून जातात, क्वचित मरतात,
आणि जागा भरायची नाही.
मी लिहिलं, नैसर्गिक गळती.
मग कितीतरी वेळ खिडकीबाहेर बघत बसले.
गळती शोधायला इथे तीन तपासनीस आहेत,
कानाला नळी लावून ऐकतात,
पाण्याची.

गार्डन लीव्ह हा शब्द मला आवडायचा.
विक्रीप्रमुख रुपर्ट लीड्सच्या कंपनीत निघाला
तेव्हा त्याला तीन महिने घरी बसवलं, भरपगारी,
इकडचं तिकडे सांगू नये म्हणून.
बाग आहे का,
असा रकाना फॉर्मवर नाही.

रिडंडन्सी.
कायदा म्हणतो, पद जातं, माणूस नाही.
हे वाक्य सहादा खोडलं.
लहानपणी आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर
एका जूनमध्ये अतिरिक्त ठरले होते.
तेव्हा वाटलं, काहीतरी जादा मिळालं असेल.
आता फोड करून बघते:
अति आणि रिक्त.
एकाच शब्दात जास्तही माणूसच,
रिकामाही तोच.

शब्दसूची इथवर आली
आणि गुरुवार उजाडला.

क्लाइव्ह ॲक्रॉइड, पॉलिशिंग, एकतीस वर्षं.
शेजारी युनियनची मॉरीन, वही उघडून.
मी कागदावरचं वाचलं:
तुमचं पद धोक्यात आहे.
त्यानं तळहात पालथे केले, पुन्हा उताणे.
पितळेची धूळ नखांत बसलेली, ती आता निघायची नाही.
म्हणाला, "बरं. मग उद्या पहाटे पाचला
ते पद उठेल का मी उठू?"

माझ्याकडे उत्तरांचा कागद होता.
त्यावर हा प्रश्न नव्हता.
पुढे कन्सल्टेशनचे तीस दिवस.
म्हणजे ठरलेलं
विचारून ठरवणं.
(हे मी सूचीत लिहिलं नाही.)

एक्झिट इंटरव्ह्यूला दहा प्रश्न असतात.
नऊ त्यानं कोरे ठेवले.
दहावा: कंपनीत काय सुधारावंसं वाटतं?
अक्षर मोठं, शाळकरी:
कॅन्टीनचा नळ. बारा वर्षं गळतोय.

मी खाली गेले.
खरंच गळत होता.
इतकी वर्षं त्याच्याखाली कप विसळलेत मी.

दोन महिन्यांनी गेटवर एक पिशवी ठेवून गेला.
पालिकेच्या वाफ्यात लावलेले टोमॅटो, चार,
एक जरा तडकलेला.
रजा रुपर्टला मिळाली होती,
बाग याच्याकडे होती.

धोरणानुसार भेटवस्तू नोंदवावी लागते.
रजिस्टर उघडलं.
वस्तू: टोमॅटो.
नग: चार.
देणाऱ्याचा कंपनीशी संबंध:
माजी, असं लिहिलं, आणि पेन तिथेच टेकवून ठेवलं
शाईचा ठिपका पसरेपर्यंत.
अंदाजे किंमत:

हा रकाना भरल्याशिवाय नोंद ग्राह्य नाही,
असं खाली बारीक अक्षरात छापलंय.
मीच छापून घेतलं होतं, मागच्या वर्षी.