दीड गुण

रात्रीचे सव्वाअकरा. धायरी, आठवा मजला.
पातेल्यातलं वरण गार होऊन घट्ट झालंय
आणि लॅपटॉपवर चौथं प्रकरण उघडलंय:
'बऱ्या झालेल्या मुलांमधले उशिराचे परिणाम'.
याचे दीड गुण मिळतात.
मार्चच्या आत मला साडेचार हवेत,
नाहीतर नोंदणी लटकते.

शिकवणारी बाई कुठल्यातरी दुपारी बसलीय,
तिच्या मागच्या खिडकीत ऊन.
लातूरचा एक जण माइक बंद करायला विसरलाय;
त्याच्या घरी कुणीतरी लसूण ठेचतंय.
त्याला कुणीच सांगत नाही.
चोवीस रक्ततज्ज्ञ गुपचूप लसूण ऐकतायत.

दर दहा मिनिटांनी पडदा विचारतो,
आपण अजून इथेच आहात ना?
मी 'हो' दाबते.

मग प्रश्न येतो.
मुलगा, वय अठरा. सहाव्या वर्षी रक्ताचा कर्करोग,
डोक्याला किरणोपचार. सध्या रोगमुक्त.
तक्रार: हिशेब जमत नाही.
नाव दिलेलं नाही.

नाव रेवण. रेवण ढमाले, भोरकडचा.
तेव्हा पुस्तकात जे होतं ते मी केलं, बरहुकूम.
मशीनखाली झोपवताना कुंदा सिस्टरांनी
त्याच्या मुखवट्यावर निळ्या पेनानं मिशा काढल्या,
म्हणून तो अजिबात हलला नाही.

आता बहुतेकांना किरण लागतच नाहीत, बाई सांगते,
आणि स्लाइड बदलते.

वारज्याला पुलाखाली मामाचं पंक्चरचं दुकान आहे, तिथे असतो तो.
गेल्या महिन्यात माझी स्कूटर तिथेच बसली.
ऐंशी रुपये झाले, मी दोनशेची नोट दिली.
काळ्या बोटांनी तो कितीतरी वेळ
हवेत काहीतरी मोजत उभा राहिला,
मग एकशे चाळीस माझ्या हातावर ठेवले.
मी बोलले नाही.
बोलले असते तर तो हसला असता;
त्याला सवय आहे हसायची.
ते वीस रुपये पर्सच्या वेगळ्या कप्प्यात आहेत,
खर्च होत नाहीत.

पर्याय चार. अ: पालकांना धीर द्यावा.
ब: आकलनाची सविस्तर चाचणी करावी.
क: काही करण्याची गरज नाही. ड: वरील सर्व.
'वरील सर्व'मध्ये 'काही नाही'सुद्धा येतं,
हे कुणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही.
पुण्यात राहूनही मी तक्रार लिहीत नाही.

ब दाबते. हिरवी खूण. शाब्बास, म्हणतो पडदा.
बारा वर्षं दर वर्षी मी त्याचं रक्त तपासलं,
वजन घेतलं, पाठ थोपटली.
सतराचा पाढा एकदाही विचारला नाही.

वहीत लिहिते: रेवण, चाचणी, सकाळी फोन.
खाली लिहिते: वीस रुपये. मग ते खोडते.

लातूरमधून बाईचा आवाज येतो,
अहो, जेवताय का झोपताय?
आलो, तो म्हणतो, दोन प्रश्न राहिलेत.

मी उठून वरणाखाली गॅस लावते.
पडदा पुन्हा विचारतो.