शंभर ग्रॅमच्या आत

अख्खी बंदूक मी काउंटरवर घेत नाही,
तसा नियमच आहे.
तिचे अवयव मात्र येतात,
दर मंगळवारी, साडेतीनच्या सुमारास,
नेव्हिल बॅग्नलच्या कोटाच्या खिशातून.

तंबाखूचे चपटे डबे, खोकल्याच्या गोळ्यांचे डबे,
वर तपकिरी कागद, सुतळी,
आणि सुईच्या टोकाने काढल्यासारखं अक्षर.
रेडिचने जगभराच्या सुया केल्या, ते कारखाने मिटले;
एक त्याच्या बोटांत चालू राहिलेला.

"आत काय?" मला विचारावंच लागतं.
"चामड्याची चकती. तीन दिवस तेलात ठेवलेली.
एल्गिनच्या रॉरीकडची म्हातारी
धापा टाकतेय, हवा धरत नाही."
लोणच्याची चौकशी करावी तसं मी विचारते,
"मुरली का नीट?"
तो हसत नाही. "मुरली," म्हणतो.

मला छर्र्याची बंदूक ठाऊक होती ती जत्रेतली:
फळीवर फुगे, नळी मुद्दाम वाकवलेली,
आणि माझा मामा, पाच रुपये घालवून
"दोष बंदुकीचा" म्हणत घरी येणारा.
नेव्हिलला हे सांगितलं तेव्हा
तो मामाच्या बाजूने बोलला.
वाकडी नळी कशी ओळखायची
याची आकृती पावतीच्या पाठीवर काढून दिली,
माझ्या मामासाठी,
जो जाऊन अकरा वर्षं झाली.

रॉरीला त्याने कधी पाहिलं नाही.
लिस्कर्डच्या मिसेस टॉयलाही नाही,
जी नवऱ्यामागे त्याची पाच पिस्तुलं
मुरांब्याच्या बरण्यांमागे सांभाळते.
पैसे कुणी मागत नाही.
उलट टपालाने कधी मध येतो,
एकदा मोजे आले, लाल, एक लहान एक मोठा.
कुणाकडे कुठला स्क्रू हरवलाय ते त्याला पाठ,
कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी, तेही पाठ.
हे सगळं शंभर ग्रॅमच्या आत बसतं,
अडीच सेंटिमीटरच्या फटीतून जातं.

फेब्रुवारीत तीन मंगळवार रिकामे गेले.

चौथ्याला मॉरीन आली,
बाजाराची चाकांची पिशवी ओढत.
एकवीस डबे. बांधलेले, पत्ते घातलेले,
तिकिटं लावलेली, पण जुनी,
आता न चालणारी.
"त्याला माहीत नसणार," ती म्हणाली.
माहीत होतं. मीच सांगितलं होतं, दोनदा.
दोन्ही वेळा म्हणाला होता,
"विकत घेतलं म्हणजे घेतलं."

मी एकेक डबा काट्यावर ठेवला.
एकोणऐंशी. चौसष्ट. शहाण्णव.
मागे रांग होती, पेन्शनवाले, लॉटरीवाले,
हातात केळी घेऊन उभा एक मुलगा;
कुणी घसा खाकरला नाही.
नवी तिकिटं मी जुन्यांच्या शेजारी लावली,
जुनी झाकली नाहीत.
पैशांचं माझं मी बघितलं.

एकविसाव्यावर तिकीट नव्हतं.
पत्ता एवढाच: काउंटरची फळी.

ही फळी, जी उचलून मी आतबाहेर करते,
नऊ वर्षं धाडकन पडायची,
एकदा माझ्या कोपरावरही.
डब्यात स्प्रिंग होती, कापून बेतलेली,
कुठल्या रायफलीच्या पोटातली कोण जाणे,
आणि चिठ्ठी: तेल नको. मेण लाव.
डावीकडचा स्क्रू उलटा फिरतो.

आता फळी हळू खाली येते.
बोटभर उरलं की थांबते,
काहीतरी विसरल्यासारखी,
आणि मग टेकते.

एप्रिलमध्ये एल्गिनहून डबा आला.
वर माझं नाव, स्पेलिंगसकट बरोबर.
मी त्या माणसाशी कधी बोललेले नाही.
अजून उघडला नाही.
त्र्याऐंशी ग्रॅम.