वीरगळाची पाटी

निळी पाटी रंगवायला मला धाडलंय,
मजुरी साडेचारशे, ब्रश माझा.
वळसंगच्या पुढं, रस्ता जिथं डावीकडं कलतो,
तिथं मौलालीच्या पंक्चरच्या दुकानाला लागून
दगड उभा आहे, गुडघाभर डांबरात.

मजकूर साहेबांनी टाइप करून दिलाय :
नुकसान केल्यास दंड, कैद, कलम अमुक.
वीराचं नाव : अज्ञात.
त्यातला ज्ञ मला कधीच नीट जमत नाही,
दोनदा रॉकेलनं पुसला.

वरच्या चौकटीत तो पिंडीपुढं हात जोडून बसलाय.
मधल्या चौकटीत दोघीजणी त्याला उचलून नेताहेत,
नाकं झिजलीत, तरी घाई दिसते.
माथ्यावर चंद्र-सूर्य,
ते आहेत तोवर आठवण ठेवायची, असा करार.

"आणि खाली?"
मौलाली पाण्यात ट्यूब दाबून बुडबुडा शोधत होता.
"खाली गुरं होती. पाच.
ल्हानपणी बोट लावून मोजलीत.
तीनदा रस्ता झाला,
दर खेपेला वीतभर वर आला."

ज्यांच्यापायी मेला, ती डांबराखाली.
वरनं उसाचे ट्रॅक्टर, टेप लावून.

पाटीवर तळाला चार बोटं जागा उरली.
मजकुरात नव्हतं, तरी
बारक्या ब्रशनं मी पाच गुरं काढली.
शेळ्यांसारखी दिसतात जरा.

मौलाली हात पुसत आला,
डोळे बारीक करून बघत राहिला, मग म्हणाला,
"चौथी.
चौथीचं तोंड मागं पाहिजे."